कॉलेजच्या टीमचा कोच व्हायचंय? सांगलीतून सांगते, काय काय लागतं ते

दर वर्षी झोनल (कॉलेजांची विभागीय स्पर्धा) संपली की कोणीतरी एक पोरगी मॅटच्या कडेला येऊन थांबते, बूट हातात, आणि विचारते, "मॅडम, कोच व्हायचं असेल तर काय करायचं?" मी उभ्याउभ्या काहीतरी सांगते, बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी कर, प्राध्यापकांसाठीची नेट परीक्षा दे, आणि घरी येताना वाटत राहतं की हे काय सांगितलं आपण, एवढं तर कुठल्याही जाहिरातीत मिळतं. म्हणून यावेळी बसून नीट लिहितेय. मी सांगलीत कॉलेजच्या मुलींची कबड्डी टीम बघते, आधी स्वतः खेळले, मग आमच्या सरांच्या हाताखाली चार सीझन, मग स्वतःची टीम. लिहितेय ते कबड्डीचं, पण खो-खो, व्हॉलीबॉल, हॉकी, काहीही घ्या, फार फरक नाही.

पहिलं हे समजून घ्या की "कोच" अशी पोस्ट आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत नसतेच. असते ती शारीरिक शिक्षण संचालकाची, म्हणजे ज्यांना आपण जिमखान्याचे सर म्हणतो ते. एकच माणूस बुद्धिबळापासून वेटलिफ्टिंगपर्यंत सगळं बघतो, एन्ट्री पाठवतो, बिलं लावतो, स्टेडियमची परवानगी काढतो. खेळ शिकवणारा कोच वेगळा हवा असेल तर तो मानधनावर, सीझनपुरता. म्हणजे तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत, एक तर संचालक व्हा आणि आपल्या खेळाची टीम स्वतः घडवा, नाहीतर कोच म्हणून मानधनावर सुरुवात करा आणि पोटापाण्याचं दुसरं काहीतरी बघा. दोन्ही रस्त्यांनी चांगले कोच झालेत, मी बघितलेत. पण कुठल्या रस्त्यावर आहोत ते पंचविशीच्या आत ठरवा, नाहीतर तिशीला ना डिग्री ना टीम अशी अवस्था होते, तीही बघितलीय.

माझी एक जुनी खेळाडू शिकायला अमेरिकेत गेलीय, तिच्या कॉलेजात लॅक्रॉस जोरात चालतं. काठीच्या टोकाला जाळी, त्यात घट्ट रबरी बॉल, झेलायचा, पळायचं, फेकायचा, पुरुषांच्या टीममध्ये एका बाजूला 10 जण. मूळचा तिथल्या आदिवासी जमातींचा खेळ. ती फोनवर सांगत होती की तिथं हेड कोच म्हणजे पूर्ण पगारी नोकरी, हाताखाली असिस्टंट, एक डिफेन्स बघणार एक अटॅक, आणि हेड कोचचा अर्धा दिवस मैदानावर जातच नाही, पोरं शोधणं, मॅचेसचं वेळापत्रक, बजेट, पोरांचे मार्क, माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या, यात जातो. मी म्हटलं अगं हे तर आपल्याकडंही सेमच आहे, फक्त असिस्टंट नाहीत आणि पगार नाही. ती हसली पण मी खरंच बोलत होते. कोचचं काम कुठंही गेलात तरी खेळ शिकवण्यापेक्षा पोरं टिकवण्याचं जास्त आहे, आणि कोणी कोच व्हायचं म्हटलं की मी आधी हेच बघते, याला पोरं टिकवता येतील का.

दुसऱ्याच्या हाताखाली काम करायची लाज धरू नका. त्या लॅक्रॉसमधलंच एक उदाहरण मला फार आवडतं, बिल टिअर्नी नावाचे कोच. आधी शाळेत शिकवायचे आणि कोचिंग करायचे, मग एका कॉलेजात हेड कोच झाले, आणि त्यानंतर ते पद सोडून जॉन्स हॉपकिन्समध्ये असिस्टंट म्हणून गेले. आपल्याकडं असं कोणी केलं तर लोक म्हणतील डिमोशन झालं. तिथून 1988 ला प्रिन्स्टनला आले, पहिल्या सीझनला टीम बहुतेक मॅच हरली, आणि 1992 ते 2001 मध्ये त्याच प्रिन्स्टननं सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मारलं. पुढं डेन्व्हरला जाऊन 2015 ला परत एकदा. मोठ्या टीममध्ये असिस्टंट म्हणून काय शिकायला मिळतं याची किंमत त्या माणसाला कळली होती.

तर तुम्ही काय करा, कॉलेज संपल्या संपल्या तुमच्या जुन्या सरांकडं किंवा तालमीतल्या वस्तादांकडं जा आणि म्हणा सर मी रोज येतो, पैसे नकोत. आणि खरंच रोज जा. पहिलं वर्ष मॅट उचलायची, पाणी भरायचं, स्कोअर लिहायचा, दुखापत झाली की पोरीला रिक्षात घालून न्यायचं. दुसऱ्या वर्षी वॉर्मअप तुमच्याकडं येतो. तिसऱ्या वर्षी सर म्हणतात मला मीटिंग आहे, आज प्रॅक्टिस तू घे. त्या दिवशी घसा कोरडा पडतो, 14 पोरी तुमच्याकडं बघत असतात आणि सर असताना ज्या निमूट ऐकायच्या त्याच आता एकमेकींना कोपरानं ढोसत असतात. तिथं शिट्टी जोरात मारून उपयोग नसतो. मी त्या दिवशी ओरडले होते आणि प्रॅक्टिस वाया गेली. दुसऱ्या वेळी कॅप्टनला आधीच बाजूला घेऊन सांगितलं की आज काय घेणार आहे, तिनंच सगळ्यांना लाईनीत उभं केलं.

आता डिग्र्या. कुठल्याही शाखेची पदवी, मग बी.पी.एड. दोन वर्षं, मग एम.पी.एड. दोन वर्षं, त्यात 55 टक्के पाहिजेतच. मग नेट किंवा सेट, विषय शारीरिक शिक्षण. नेट वर्षातून दोनदा असते, पहिल्या पेपरला 50 प्रश्न, दुसऱ्याला 100, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं एकही प्रश्न सोडून येऊ नका. सेट म्हणजे तशीच राज्याची परीक्षा, ती पुणे विद्यापीठ घेतं. खेळाडू पोरं पहिल्या पेपरात मार खातात, कारण त्यात शिकवण्याची पद्धत, संशोधन, गणित-तर्क असलं असतं, आणि आपण म्हणतो मी तर मैदानावरचा माणूस. नाय चालत. रोज एक तास सहा महिने दिला तर निघतं. आणि संचालक पदासाठी विद्यापीठ किंवा राज्य पातळीवर खेळल्याची सर्टिफिकेटं लागतात, ती आत्ताच लॅमिनेशन न करता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट ठेवा. 2019 च्या पुरात कितीतरी जणांची कपाटात ठेवलेली सर्टिफिकेटं लगदा झाली, म्हणून स्कॅन करून मेलवरपण टाका.

एक गोष्ट बऱ्याच जणांना शेवटपर्यंत माहीतच नसते, संचालक पदाला फिटनेस टेस्ट असते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमात तिशीपर्यंतच्या पुरुषांना 12 मिनिटांत 1800 मीटर, चाळिशीपर्यंत 1500. बायकांना 8 मिनिटं, तिशीपर्यंत 1000 मीटर आणि चाळिशीपर्यंत 800. खेळणाऱ्याला हे काहीच नाही, पण पाच वर्षं नेटचा अभ्यास करत बसलेल्याला आहे. सांगलीत असाल तर आमराईत सकाळी जा, साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट आहेच, तो चढून पळणाऱ्याला 1800 मीटर म्हणजे वॉर्मअप.

दुसरा रस्ता एनआयएसचा. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, 1961 पासूनची, तिचा एक वर्षाचा कोचिंग डिप्लोमा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स. मी सहा आठवड्यांचा केला आणि आजही वाटतं डिप्लोमा करायला पाहिजे होता, घरच्या अडचणी होत्या, राहिला. डिप्लोमा असला की क्रीडा खात्याच्या मार्गदर्शकाच्या जागा, साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) सेंटर, अकॅडम्या, सगळीकडं दार उघडतं. तिथं शरीरशास्त्र, ट्रेनिंगचं प्लॅनिंग, आहार, मानसशास्त्र हे इतकं व्यवस्थित शिकवतात की आपण आधी किती गोष्टी अंदाजानं करत होतो ते कळून पोटात खड्डा पडतो.

पोरी आणायच्या कुठून, हा मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. अमेरिकेत त्या लॅक्रॉसच्या कोचला नियम आहे, पोरगं अकरावीत गेलं की 1 सप्टेंबरनंतरच त्याच्याशी भरतीचं बोलायचं, त्याआधी नाही. आपल्याकडं अशी तारीख नाही पण आपल्याकडं द्राक्षाचं कॅलेंडर आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागातल्या पोरी असतील तर ऑक्टोबर छाटणीला घरातलं प्रत्येक माणूस बागेत लागतं, आणि नेमकं त्याच सुमाराला आपलं झोनल-इंटरझोनल चालू असतं. कोचला हे माहीत नसेल तर तो पोरीवर चिडणार, ती घाबरून यायची बंद होणार, संपलं. मी जूनमध्येच घरच्यांना विचारते, छाटणी कधी धरताय, आणि त्याप्रमाणं कुणाला कुठले चार दिवस सुट्टी ते वहीत लिहून ठेवते. साताऱ्याकडं माण-खटावला गोष्ट वेगळी, तिकडं पाण्याची आणि एसटीची अडचण, पण विचारायचं तसंच.

बारावीच्या शालेय स्पर्धा जाऊन बघा. फक्त जिंकणारी टीम बघू नका. मी एकदा कवठेमहांकाळच्या पलीकडच्या एका गावची टीम बघितली, दणकून हरत होती, पण लेफ्ट कॉर्नरला एक बारीक पोरगी होती, 15 पॉइंटनी मागं असताना पण प्रत्येक रेडला, म्हणजे चढाईला, तिचे पाय हलत होते, उभी राहिली नाही एकदा पण. हरताना पाय हलतात का ते बघायचं, बाकी शिकवता येतं. तिच्या घरी गेलो, मी आणि आमची एक सिनियर खेळाडू. एकटं जाऊ नका, आणि पुरुष कोच असाल तर बरोबर बाई माणूस न्याच. आजी म्हणाली, दात पडला तर लगीन कोण करंल. वडील काही बोलेनात, चहाची बशी फिरवत बसलेले. आई मात्र उंबऱ्यात उभी राहून एकच विचारत होती, "परत किती वाजता येणार?" माझ्याकडं मेडलची, नोकरीची, 5 टक्के खेळाडू आरक्षणाची सगळी माहिती तयार होती, आणि तिला पाहिजे होती एसटीची वेळ. मला सांगता आली नाही. मी त्या दिवशी स्टँडवर जाऊन वेळापत्रकाचा फोटो काढला, प्रॅक्टिस संध्याकाळची सकाळी आणली आणि परत गेले, म्हटलं, दुपारी अडीचला गावात. तेव्हा त्या हो म्हणाल्या. ती पोरगी तीन वर्षं खेळली, शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या टीममध्ये गेली, आणि आजी पहिल्या रांगेत बसून मॅच बघायला आली होती.

कागदपत्रांचं कंटाळवाणं आहे पण टाळू नका. शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातली कॉलेजं येतात, आधी झोनल, मग इंटरझोनल, तिथून सिलेक्शन आणि कॅम्प, मग पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ, पुढं अखिल भारतीय. प्रत्येक पायरीला पात्रता फॉर्म. माझ्या दुसऱ्याच सीझनला एका पोरीचं मधे एक वर्ष गॅप होतं आणि त्याचा कागद मी लावला नव्हता, मैदानावर तपासणीत निघालं आणि तिला खेळू दिलं नाही. बरोबरच होतं त्यांचं. चूक माझी होती. ती किट घालून, नंबर लावून, दोन्ही मॅच बेंचवर बसून होती आणि दर रेडला टाळ्या वाजवत होती, मला ते अजून आठवलं की बरं वाटत नाही. तेव्हापासून ॲडमिशन झाल्या झाल्या प्रत्येकीची फाईल, दहावीचं सर्टिफिकेट, मार्कलिस्ट, बोनाफाईड, फोटो, आधार, गॅप असेल तर त्याचं ॲफिडेव्हिट, आणि मुदतीच्या आठ दिवस आधी सगळं दोघांनी तपासायचं, एकानं नाही.

प्रॅक्टिसमध्ये काय घ्यायचं यावर मी खूप लिहू शकते, पण दोन-तीनच गोष्टी सांगते. एक, वही ठेवा. प्रत्येक सराव मॅचला प्रत्येक रेड लिहायची, कोण गेली, पॉइंट, बाद की रिकामी. एका वर्षी सगळे म्हणत होते आपला डिफेन्स कच्चा आहे, मीपण तेच समजत होते. वहीत बघितलं तर आमची मेन रेडर 11 रेडमध्ये 7 वेळा रिकामी परत येत होती आणि समोर सहा जणी असताना बोनस लाईनपलीकडं पाय टाकून मिळणारा जादा पॉइंट घेतच नव्हती. डिफेन्सवर ताण येणारच की. पंधरा दिवस तिला फक्त बोनस लाईनवर पाय टाकायला लावला, रोज 50 वेळा, आधी कोणी समोर नसताना, मग एक कॉर्नर, मग हात धरलेली पूर्ण चेन. डोळ्यानं बघितलेलं आणि वहीतलं यात इतका फरक पडतो.

दुसरं, पकड शिकवताना आधी डोकं वाचवायला शिकवा. अँकल होल्डला, म्हणजे घोट्याच्या पकडीला, नवीन पोरगी सरळ पुढं झेपावते आणि रेडरचा गुडघा हिच्या कपाळात. मी पहिला आठवडा हात लावूच देत नाही. कंबर खाली, वजन पंजावर, रेडरचा पाय पुढं पडला की त्याच क्षणी शिरायचं, डोकं गुडघ्याच्या रेषेच्या बाहेर, हनुवटी आत. दोन्ही हातांनी घोटा धरला की आपल्याकडं ओढायचा. हे हळू, चालत्या रेडरवर, शंभर वेळा. पोरी कंटाळतात. कंटाळू द्या.

तिसरं शरीराचं. जून-जुलैत सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं. मुलींमध्ये 12 च्या खाली म्हणजे ॲनिमिया, आणि आपल्याकडं 9-10 वाल्या पोरी निघतात, मग आपण तिला म्हणत बसतो स्टॅमिना नाही, पळत नाही, आळशी आहे. मी स्वतः एका पोरीला असं म्हटलेलं, रिपोर्ट आल्यावर तिची माफी मागितली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जेवणात नाचणी, पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे आणले, गोळीबरोबर चहा बंद केला, दोन महिन्यांनी तीच पोरगी बीप टेस्टला (बीपच्या तालावर पळायची चाचणी) पुढं. आणि गुडघे, उडी मारून उतरताना ज्यांचे गुडघे आत वळतात त्यांच्यावर लक्ष ठेवा, एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) तिथंच जातं आणि मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त जातं. फिफा 11 प्लस नावाचा वॉर्मअप आहे, फुटबॉलवाल्यांचा, 20 मिनिटांचा, फुकट मिळतो, आठवड्यातून दोन-तीनदा तोच घ्या. पोरी दुकानातून कुठली पावडर आणतात तेपण बघा, डोपिंगमध्ये सापडली तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही.

टूरवर मुलींची टीम नेताना बाई मॅनेजर पाहिजेच पाहिजे, याच्यात तडजोड करू नका, पैसे नाहीत असं कोणी म्हटलं तर टीम नेऊ नका. पोरींना कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीतल्या बाईंचा नंबर पहिल्याच दिवशी द्या, स्वतःहून द्या. चांगल्या कोचला त्याचा काहीच त्रास होत नाही.

पैशाचं स्पष्टच सांगते. अनुदानित कॉलेजात कायम संचालक झालात तर सातव्या वेतन आयोगानं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700, चांगली नोकरी आहे. पण जागा कमी निघतात आणि तोपर्यंत सीएचबी (तासावर पैसे) किंवा मानधन, त्यावर घर चालत नाही. म्हणून मधल्या काळात शाळेत पार्ट टाईम, सकाळी जिम, सुट्टीत उन्हाळी शिबिर, पंच परीक्षा देऊन पंचगिरी, असं जोडून जोडून चालवावं लागतं. घरच्यांना हे आधी सांगा, लग्न ठरवताना समोरच्यांनापण सांगा. माझ्या नवऱ्याला मी सांगितलं होतं की सप्टेंबर-ऑक्टोबर मी तुमची नाही, टीमची. ते आजही दसऱ्याला एकटेच बाजारातून फुलं आणतात.

आणि खेळ कबड्डीच पाहिजे असं नाही हे खास करून नवीन पोरांना सांगते. लॅक्रॉसचंच घ्या, 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो परत येतोय, सहा-सहा जणांचा छोटा प्रकार, आणि तो निर्णय झाला कुठं तर 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या मुंबईत, ऑलिंपिक समितीच्या बैठकीत. नवीन खेळात शिकवणारे कमी असतात, त्यामुळं लवकर शिरणाऱ्याला जागा मिळते. आपल्या भागात अवघड आहे म्हणाल तर साताऱ्यात तिरंदाजी कुठं पिढ्यान्‌पिढ्या होती? पण साताऱ्यातच सराव केलेली अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये 17 व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली. तिथं कोणीतरी रोज सकाळी टार्गेट लावून उभं राहिलं असणारच ना. फक्त नवीन खेळ घेतलात तर तो विद्यापीठाच्या यादीत आहे का, पंच कोण, साहित्य कुठून आणणार, हे आधी बघा, नाहीतर पोरांची तीन वर्षं जातात आणि हातात एक सर्टिफिकेट येत नाही.

पहिल्या सीझनला बॅगेत काय ठेवायचं ते सांगते आणि थांबते. सगळ्यांच्या आयकार्डांच्या आणि पात्रता फॉर्मच्या झेरॉक्स दोन सेट, क्रेप बँडेज चार, चिकटपट्टी, कात्री, बर्फासाठी थर्मास, इलेक्ट्रॉल, सॅनिटरी पॅड, जास्तीचे दोन टी-शर्ट पुढं-मागं नंबर टाकलेले, वही, दोन पेन, शिट्टी, गूळ-शेंगदाण्याची पिशवी, स्टँडवरनं घेतलेलं भडंग परतीच्या प्रवासाला. आणि नेलकटर. मॅचच्या आधी पंच एकेकीची नखं तपासतात, वाढलेली असली तर मॅटवर उतरू देत नाहीत, आणि त्या दोन मिनिटांत अख्ख्या मैदानात कोणाकडं नेलकटर नसतं.